माणसाचा हात लागला की महाग : आईबरोबर उत्तरेकडच्या चार देशांत

टूर कंपनीबरोबर जायचं नाही, ही आईची एकच अट होती. पूर्वी एकदा ती अशा सहलीला जाऊन आली आणि म्हणाली, "देव किती पाहिले ते आठवत नाही, बस तेवढी आठवते." आई अडुसष्ट वर्षांची, हर्णै बंदराजवळ वाढलेली. गुडघे दुखतात, पण चालायची हौस दांडगी. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये मी, नवरा आणि आई असे तिघंच निघालो. पंधरा दिवस, युरोपच्या उत्तरेकडचे चार देश. पाचवं आइसलँड दूर अटलांटिकमध्ये एकटं पडलेलं, त्याला वेगळी सुट्टी हवी म्हणून सोडलं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मात्र एकमेकांना इतके चिकटून आहेत की रेल्वे आणि बोटीनेच बरचसं फिरून होतं.

चारही देश शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात आहेत, एकच व्हिसा पुरतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा झाली. नियम सोपा आहे : जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. आमच्या नॉर्वेत पाच रात्री होत्या, म्हणून अर्ज नॉर्वेकडे. फी माणशी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. जूनमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण उन्हाळ्याच्या तारखा पटापट भरतात.

सामानात भाजणी, मेतकूट, आमसुलं, लसणीची चटणी आणि घरचा मसाला. तूप आणि पेढे काढून ठेवावे लागले. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर आणता येत नाहीत. आई तुपासाठी फार हळहळली. माणशी एकच छोटी चाकाची बॅग घेतली, कारण तिथे हमाल नसतो. आणि तीन चादरी, तीन उशांचे अभ्रे घेतले. त्याचं कारण पुढे येईल.

१२ जून, गुरुवार : कोपनहेगन

विमानतळावरूनच मेट्रो सुटते आणि पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यावर सोडते. चालक नसतो, त्यामुळे पुढच्या काचेशी बसायला मिळतं. आई तिथेच बसली आणि बोगद्यातले दिवे अंगावर येताना बघत राहिली.

पैशांबद्दल इथेच सांगते. चार देश, चार चलनं. तेव्हा डॅनिश क्रोन साधारण १३ रुपयांना होता, स्वीडिश नऊच्या आसपास, नॉर्वेजियन साडेआठ आणि युरो शंभराच्या घरात. म्हणजे 'शंभर क्रोन' हा आकडा डेन्मार्कमध्ये एक सांगतो आणि नॉर्वेत दुसरंच. नावं जवळजवळ सारखी असल्याने गफलत होते. रोख पैसे आम्ही पंधरा दिवसांत एकदाही काढले नाहीत. कार्ड सगळीकडे चालतं, बाजारातल्या स्ट्रॉबेरीवाल्याकडेसुद्धा. कार्ड टेकवल्यावर यंत्र कधीकधी विचारतं, रुपयांत घेऊ की क्रोनमध्ये? दर वेळी क्रोनच निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो महाग पडतो.

आई रोज दिवेलागणीला हात जोडते. रात्रीचे दहा वाजून गेले तरी बाहेर लख्ख उजेड. शेवटी तिने खिडकीचा पडदा ओढला आणि त्याला सांजवेळ समजून नमस्कार केला. डोळ्यांवर बांधायची पट्टी जूनमध्ये अत्यावश्यक आहे. काही खोल्यांचे पडदे अगदी विरळ असतात, आणि पहाटे चार-साडेचारला ऊन खिडकीत हजर असतं.

१३ जून, शुक्रवार : कोपनहेगन

गोल मनोरा, त्यांच्या भाषेत रुंदेटॉर्न, हे आईसाठी मी मुद्दाम निवडलेलं ठिकाण. १६४२ साली पुरा झालेला हा वेधशाळेचा मनोरा आहे आणि वर जायला जवळजवळ शेवटपर्यंत जिने नाहीत. विटांचा रुंद उतार मनोऱ्याच्या आत साडेसात वेढे घेत वर जातो. गुडघेदुखीच्या माणसाला हा चढ जमतो. रशियाचा झार पीटर १७१६ मध्ये यावरून घोड्यावर बसून वर गेला होता म्हणतात.

हा मनोरा बांधणारा राजा चौथा क्रिश्चन. त्याच्याच काळात, १६२० मध्ये, डॅनिश लोकांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला ठाणं घेतलं आणि १८४५ पर्यंत ते त्यांच्याकडे होतं. पुढे त्या तरंगमबाडीला १७५० मध्ये श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी उतरला, आणि तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांचा लहानपणीचा पालक आणि शिक्षक झाला तो हाच. मनोऱ्यावर उभं राहून हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपली ओळख जुनीच."

दुपारी बंदरातली पिवळी बोट घेतली. पर्यटकांच्या बोटी वेगळ्या आणि महाग असतात. ही पिवळी बोट म्हणजे पाण्यातली सिटी बस. मेट्रोचंच तिकीट तिला चालतं आणि पाण्यावरून शहर बघून होतं. रस्त्यावर एक काळजी घ्या : पदपथ आणि रस्ता यांच्या मध्ये सायकलींचा पट्टा असतो. तो मोकळा दिसला तरी त्यावर उभं राहू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. सायकली भरधाव येतात, आणि चूक आपली असते.

जेवायला एका साध्या दिसणाऱ्या ठिकाणी गेलो. राईच्या काळ्या पावावर उकडलेला बटाटा, त्यावर कांद्याची पात. असे तीन-चार प्रकार, आणि पाणी. पाण्याचेही पैसे लागले. बिल साडेसहाशे क्रोन, म्हणजे साडेआठ हजार रुपये. आई गप्प झाली.

संध्याकाळी सुपरमार्केटात नवऱ्याने तोच पाव, तेच बटाटे, तेच लोणी टोपलीत घातलं. तिघांचं दोन वेळचं भागेल एवढं सामान दीडशे क्रोनांत आलं. तो म्हणाला, "बघ, बटाटा महाग नाहीये. बटाटा सोलून ताटात वाढणारा हात महाग आहे." पुढचे तेरा दिवस आम्ही या एका वाक्यावर काढले. तिथे वाढप्याला, झाडूवाल्याला, ड्रायव्हरला भरपूर पगार मिळतो, शिवाय डेन्मार्कमध्ये जवळजवळ सगळ्यावर २५ टक्के कर. म्हणून जे काम दुसरा माणूस तुमच्यासाठी करतो ते महाग, आणि जे तुम्ही स्वतः करता ते जवळजवळ आपल्या भावात. हे मला मनापासून योग्य वाटतं. टिप द्यायची अपेक्षाही म्हणूनच नसते.

१४ जून, शनिवार : बोट

कोपनहेगनहून ऑस्लोला रात्रीची बोट जाते. दुपारी निघते, सकाळी पोहोचवते. एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि समुद्र बघून होतो. खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त, आणि तीच घ्या, कारण केबिनमध्ये फक्त झोपायचं असतं. बोटीवरचा बुफे सोडून आम्ही दशम्या आणि चटणी डेकवर बसून खाल्ली.

निघाल्यावर थोड्याच वेळात डेन्मार्क आणि स्वीडन इतके जवळ येतात की मध्ये चारेक किलोमीटरचंच पाणी उरतं. तिथे डाव्या हाताला क्रोनबोर्गचा किल्ला दिसतो. या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा १४२९ पासून १८५७ पर्यंत जकात घेत असे. आईला सुवर्णदुर्ग आठवला. "पाण्याच्या तोंडाशी किल्ला असला की कळावं, इथे कोणीतरी वसुलीला बसलंय."

१५ जून, रविवार : ऑस्लो

सकाळी लवकर उठून डेकवर जा. ऑस्लोचा फियोर्ड, म्हणजे जमिनीत घुसलेला समुद्राचा फाटा, सुमारे शंभर किलोमीटर आत शिरलेला आहे आणि बोट शेवटचे काही तास त्यातून सावकाश सरकते. लाल लाकडी घरं, प्रत्येकाच्या पायाशी छोटी होडी.

रविवारी नॉर्वेत सुपरमार्केट बंद असतात, काही अगदी छोटी दुकानं वगळता. आम्हाला हे आधी माहीत होतं म्हणून शनिवारीच कोपनहेगनला तांदूळ, अंडी, टोमॅटो घेऊन ठेवले होते. शनिवारच्या दुकानाच्या वेळा बघण्याचा हा एक छोटा उद्योग केला नाही, तर रविवारी महागडं हॉटेल नाहीतर उपास.

मुक्काम हॉस्टेलात, तिघांची स्वतंत्र खोली. इथे त्या चादरींचा खुलासा. उत्तरेकडच्या हॉस्टेलांत आणि डोंगरातल्या झोपड्यांत अंथरूण-पांघरूण असतं, पण चादर आणि अभ्रा आपला आणायचा, नाहीतर भाड्याने घ्यायचा. तिघांचं भाडं वाचलं. निघताना पलंग आपणच मोकळा करायचा, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, स्वयंपाकघरातलं भांडं धुऊन जागेवर ठेवायचं. आईला हे फार पटलं. "पाहुण्यासारखं नाही, घरच्यासारखं वागवतात," ती म्हणाली. तिने मऊ भात केला, त्यावर मेतकूट. तूप नव्हतं म्हणून बिनमिठाचं लोणी आणलेलं, ते तिने मंद आचेवर कढवलं. कढत्या लोण्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला आणि शेजारच्या चुलीवर पास्ता करणाऱ्या दोन मुली वाकून पाहायला आल्या.

१६ जून, सोमवार : ऑस्लो

आज एकही तिकीट काढलं नाही, बस-ट्रामचं चोवीस तासांचं सोडून. ऑपेरा हाउसचं पांढरं छप्पर पाण्यापासूनच तिरकं वर जातं, त्यावर कोणीही चालत जावं. विगेलांड बागेत गुस्ताव विगेलांडची दोनशेहून अधिक शिल्पं उघड्यावर आहेत. मधला दगडी खांब म्हणजे एकाच ग्रॅनाइटच्या शिळेत कोरलेली एकमेकांना बिलगलेली १२१ माणसं. मूर्तीकाराने मातीत घडवलेलं रूप दगडात उतरवायला तीन कारागिरांना चौदा वर्षं लागली. खांबाभोवती म्हाताऱ्या जोडप्यांची शिल्पं आहेत, सुरकुत्या, ओघळलेले खांदे, सगळं तसंच. आई त्यातल्या एका म्हातारीजवळ बराच वेळ बसून होती. मी हाक मारली नाही.

ऑपेराशेजारचं नवं सार्वजनिक वाचनालय जरूर बघा. उबदार, विनामूल्य, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय. रेल्वे स्टेशनांवर स्वच्छतागृहाला कार्डाने पैसे मोजावे लागतात, म्हणून वाचनालयं आणि संग्रहालयं लक्षात ठेवावीत. इथल्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक लहानशी लाकडी खोली आहे. दर वर्षी एक लेखक आपलं हस्तलिखित इथे बंद करून ठेवतो. २०१४ ला सुरुवात झाली, आणि ही शंभर पुस्तकं २११४ साली छापली जाणार. त्यांच्या कागदासाठी शहराबाहेरच्या जंगलात हजार झाडं लावून ठेवली आहेत.

१७ जून, मंगळवार : ऑस्लो ते फ्लॉम

ऑस्लो-बर्गन रेल्वे १९०९ सालची. तिकीट आम्ही तीन महिने आधी घेतलं होतं. आधी घेतलं तर सवलतीचं तिकीट मिळतं, आणि ऐनवेळच्या दरात फार मोठा फरक असतो. ६७ वर्षं आणि त्यावरच्या प्रवाशांसाठी तिकीट काढताना ज्येष्ठांचा वेगळा पर्याय असतो, तोही तपासा.

तासभर गेला की शेतं संपतात, मग रान, मग झाडंही संपतात. फिन्से हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, १,२२२ मीटर. तिथे मोटारीचा रस्ताच पोहोचत नाही. अर्धा जून उलटला होता आणि बाहेर बर्फ पसरलेला. गाडी काही मिनिटं थांबली. आईने फलाटाच्या कडेचा बर्फ मुठीत घेतला, दाबला, आणि पुन्हा गाडीत बसेपर्यंत हातातच धरून ठेवला. अडुसष्ट वर्षांत तिने बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत पाहिला होता.

मिर्दालला उतरून फ्लॉमची छोटी रेल्वे घ्यायची. वीस किलोमीटरच्या वाटेत ही गाडी ८६६ मीटरवरून समुद्रसपाटीला उतरते. एका धबधब्याशी सगळ्यांना उतरवतात, तेव्हा रेनकोट अंगात असू द्या, तुषार थेट येतात. या सगळ्या प्रवासाचं एकत्र पॅकेज मिळतं. आम्ही रेल्वे, बोट आणि बस यांची तिकिटं वेगवेगळी, थेट घेतली. वेळा जुळवायला एक संध्याकाळ लागली. पुन्हा तेच : जुळवणाऱ्याचे हात आपले असले की स्वस्त.

१८ जून, बुधवार : नेरॉयफियोर्ड

या एका दिवसासाठी सगळी सहल होती, असं मला आता वाटतं.

फ्लॉमहून गुदवांगनला जाणारी बोट विजेवर चालते. इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीच. त्यामुळे दोन तास धबधबे ऐकू येतात, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. आपल्याकडच्या खाडीसारखी वाटते, पण खाडीत भरती-ओहोटीचा चिखल असतो, खारफुटी असते. इथे हजार-हजार मीटरचा कडा सरळ पाण्यात घुसतो. नेरॉयफियोर्ड सर्वांत अरुंद जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत. समोर दोन्ही कडे एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात आणि वाटतं, आता बोट कुठे जाणार? मग वळण येतं.

जागा पुढच्या डेकवर उभं राहायची घ्या, आणि टोपी, हातमोजे, सगळं चढवा. जून असला तरी पाण्यावरचा वारा हाडांत शिरतो. आईला मी शालीवर रेनकोट घातला होता. वाटेत उंद्रेदाल हे बकरीच्या चीजसाठी प्रसिद्ध असलेलं चिमुकलं गाव लागतं. ते तपकिरी चीज आम्ही फ्लॉमच्या दुकानातून घेतलं होतं. चीज म्हणतात, पण ते बनतं निवळीचं पाणी आटवून आटवून. आईने तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले. "खवा जरा जास्त भाजला गेलाय. पण खवाच आहे हा." बटाट्याच्या पातळ पोळीत, जिला ते लेफ्से म्हणतात, लोणी आणि साखर घालून गुंडाळी करून खातात. तूप-साखर-पोळीच. पेढ्यांचं दुःख तिथे संपलं.

गुदवांगनहून बसने वॉस, तिथून रेल्वेने रात्री बर्गन.

१९ जून, गुरुवार : बर्गन

पाऊस. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. कोकणाला या आकड्याचं काय, पण आपला चार महिन्यांत पडून मोकळा होतो, यांचा बारा महिने पडत राहतो. छत्री वाऱ्याने उलटते. रेनकोट, पावसाळी पँट आणि पाणी न शिरणारे बूट हवेत. बॅगेच्या आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कपडे. ही आईची पद्धत, आणि आमचेच कपडे कोरडे राहिले.

बंदरावरची ब्रिगेन ही लाकडी घरांची ओळ म्हणजे हान्सा नावाच्या व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची जुनी पेठ. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारलेली. घरांच्या मधल्या बोळांत शिरा, समोरून फोटो काढून परतू नका. हे व्यापारी जमले होते ते सुक्या माशासाठी. उत्तरेच्या लोफोतेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात सुकवतात, तो बर्गनला यायचा आणि इथून अख्ख्या युरोपात जायचा. एका दुकानात असे काठीसारखे कडक मासे टांगलेले होते. आईने बोटाने ठोकून पाहिलं, वास घेतला. "बोंबील वलांडीवर घालतो तसंच. फक्त आमच्याकडे ऊन सुकवतं, इथे थंडी." हर्णैच्या किनाऱ्यावर तिच्या आईने हेच काम केलं होतं. दुकानातल्या बाईंना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्यांनी काउंटरवरून बाहेर येऊन आईचा हात हातात घेतला.

मासळी बाजारातले दर पर्यटकांसाठीचे आहेत. मासा सुपरमार्केटात घ्यावा. तिथे मॅकरेल मिळाला, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊ. आईने हळद, तिखट, आमसुलाचं पाणी लावून तव्यावर टाकला, आणि दोन मिनिटांत छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. फोडणी आणि तळण यांबद्दल गंभीरपणे सांगते : खोलीत धूर होऊ देऊ नका. चुकून अग्निशमन दल आलं तर त्याचा मोठा खर्च पाहुण्याच्या माथी येऊ शकतो, तसं तिथल्या सूचनापत्रात लिहिलेलंच होतं. आमचा भोंगा खिडक्या उघडल्यावर थांबला. उरलेला बांगडा आईने झाकण ठेवून, मंद आचेवर, तिखल्यासारखा केला.

२० जून, शुक्रवार : स्टॉकहोम

बर्गनच्या विमानतळाला शहरातली ट्राम जाते, साध्या तिकिटात. स्टॉकहोमला उतरल्यावर मात्र सावध राहा. विमानतळाखालच्या स्टेशनवरून रेल्वे घेतली तर तिकिटावर वेगळं स्टेशन शुल्क लागतं आणि ते घसघशीत असतं. आम्ही ५८३ नंबरची बस घेऊन मार्स्टाला गेलो आणि तिथून लोकल पकडली. थोडा वेळ जास्त, पैसे फारच कमी.

माझी एक चूक इथे झाली. जूनमधल्या १९ ते २५ तारखांत येणारा शुक्रवार हा स्वीडनचा मिडसमरचा दिवस, आणि तो वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणांपैकी एक. मी तारीख बघितली होती, पण त्या दिवशी शहर रिकामं होतं हे लक्षात घेतलं नव्हतं. निम्मी शटरं बंद, रस्ते ओस. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपली बाजारपेठ बंद झाल्यावर कशी दिसते, तसं. उघडं असलेलं एक दुकान सापडलं, तिथून दही, पाव, स्ट्रॉबेरी घेतली आणि स्कानसेनला गेलो. १८९१ मध्ये सुरू झालेलं हे जगातल्या सर्वांत जुन्या खुल्या संग्रहालयांपैकी एक. तिथे मिडसमर साजरा होत होता : पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा केला, आणि आजोबांपासून बाळांपर्यंत सगळे त्याभोवती फेर धरून नाचले, बेडकाच्या उड्या मारत. डोक्यावर फुलांच्या कड्या. या रात्री मुली सात प्रकारची फुलं उशीखाली ठेवून झोपतात, स्वप्नात नवरा दिसतो म्हणे. आई उठली आणि फेरात गेली. एका लहान मुलीने तिचा हात धरला होता.

२१ आणि २२ जून, शनिवार-रविवार

पाय दुखत होते. गामला स्टान या जुन्या भागात भटकलो आणि भुयारी रेल्वेची स्टेशनं बघितली, कारण इथली बहुतेक स्टेशनं चित्रकारांनी सजवलेली आहेत आणि एका तिकिटात पाऊस टाळून ती बघता येतात. वेलदोड्याचा बन खा. भरपूर, जाडसर कुटलेला वेलदोडा. लाडू वळताना येतो तसा वास बेकरीच्या दारातून रस्त्यापर्यंत येतो.

२३ जून, सोमवार : वासा

वासा हे युद्धनौकेचं संग्रहालय. ६४ तोफांची ही नौका १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीवर निघाली आणि दीडेक किलोमीटरही न जाता बुडाली. वरचा भाग जड, तळ अरुंद; वाऱ्याच्या झोताने कलंडली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडेक वर्ष आधीची गोष्ट. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, तिला वर काढलं तेव्हा ती जवळजवळ अखंड होती. कारण बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही.

हे वाचून दाखवलं आणि आई थबकली. हर्णैला दर पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, तळाला तेल द्यायचं, ते त्याच किड्यासाठी. "दोन वर्षं हयगय केली तर होडी चाळणी होते. आणि हिला तीनशे वर्षं कोणी हात लावला नाही!" ती पूर्ण नौकेला एक फेरी मारून आली, मग दुसरी.

जेवण दुपारचंच, तेही बाहेर. स्वीडनमध्ये सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन, 'दागेन्स रेत' असतं : एक ठरलेला पदार्थ, सॅलड, पाव आणि कॉफी एका किमतीत. ताट आपण उचलायचं, उष्टं आपण ठेवायचं, म्हणून परवडतं. मांसाशिवायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, शब्द 'वेगेतारिस्क'. पाणी नळाचं, फुकट आणि उत्तम. बाटलीबंद पाणी चारही देशांत कुठेच घेऊ नका.

संध्याकाळी हेलसिंकीची बोट. केबिनमध्ये शिरू नका, निदान दोन-तीन तास. स्टॉकहोमपुढे हजारो बेटं आहेत, आणि ही इमारतीएवढी बोट त्यांच्या मधून इतकी जवळून जाते की अंगणात कपडे वाळत घालणारी माणसं हात हलवतात. झोपताना घड्याळ एक तास पुढे करा.

२४ आणि २५ जून : हेलसिंकी

फिनलंडबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी सांगायला हवी आणि कोणी सांगत नाही : इथे घरात, हॉटेलात, सार्वजनिक ठिकाणीसुद्धा शौचकूपाशेजारी पाण्याचा हातफवारा असतो. बारा दिवस बाटली बाळगणाऱ्या आईला किती हायसं वाटलं, ते समजून घ्या.

सुओमेनलिन्ना हा १७४८ मध्ये स्वीडिश लोकांनी बांधायला घेतलेला बेटांवरचा किल्ला. बाजारचौकातून शहराच्याच तिकिटावर बोट जाते. डबा न्या, तटावर बसा.

२०१८ साली उघडलेलं ओदी हे वाचनालय मात्र मी जन्मभर विसरणार नाही. तिथे पुस्तकांशिवाय शिवणयंत्रं आहेत, कोणीही वापरावीत. आईच्या पंजाबी ड्रेसची शिवण फियोर्डच्या दिवशीच उसवली होती. शिंप्याकडे जायचं तर किती लागले असते कोण जाणे. एक यंत्र रिकामं होतं. आई बसली, दोरा ओवला, पाय दाबला. शेजारी एक तरुण मुलगा पडदा शिवत होता, त्याचा दोरा अडकला तेव्हा आईने काही न बोलता त्याची बॉबिन काढून नीट बसवून दिली.

शेवटच्या संध्याकाळी सार्वजनिक सॉना, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान. बायकांचा विभाग वेगळा असतो. आधी स्वच्छ आंघोळ करायची, बसायला छोटा टॉवेल न्यायचा, दागिने काढून ठेवायचे कारण धातू तापतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं होतं. वरच्या पायरीवर सर्वांत जास्त गरम असतं, म्हणून आईला खालच्या पायरीवर बसवलं. अंधुक उजेड, लाकडाचा वास, बायका गप्प बसलेल्या. माझ्या शेजारची बाई इंग्रजी बोलत होती. तिने सांगितलं, पूर्वी फिनलंडमध्ये बायका सॉनामध्येच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत स्वच्छ आणि उबदार जागा तीच. मी आईला ते सांगितलं.

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "शेकाची खोली आहे ही."

वरच्या पायरीवरच्या एका वृद्ध बाईने पाण्याची पळी उचलली आणि निखाऱ्यावरच्या दगडांकडे बोट दाखवून आईकडे प्रश्नार्थक पाहिलं. घालू का? अंगावर वाफ येते, म्हणून आधी विचारतात.

"घाल, बाई," आई मराठीत म्हणाली.